एच.एम.टी. 2511 चे इंजिन उघडले आहे; परवडणारे सुटे भाग कसे आणि कोठून मिळवावेत?

प्रश्न : काळी जमीन (बार्शी)

नमस्कार मंडळी. वडिलांनी 1986 साली भूविकास बँकेचे कर्ज काढून घेतलेला एच.एम.टी. 2511 हा दोन सिलिंडरचा, 25 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आमच्याकडे गेल्या महिन्यापर्यंत रोजच्या कामाला होता. एके सकाळी ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर पातळी खुणेच्या बोटभर वर गेलेली होती आणि ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झालेला होता. गावातील मिस्त्रींनी हेड उतरवले आणि लायनर (पिस्टन ज्या बदलता येणाऱ्या नळीत चालतो ती), पिस्टन, क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगे, व्हॉल्व्ह असे सगळेच बदलावे लागेल, असे सांगून यादी हातात दिली.

ती यादी घेऊन मी दोन दुकाने फिरलो. पहिल्या दुकानदाराने नुसत्या लायनर-पिस्टन किटचे 14,500 रुपये सांगितले, तेही आधी पैसे भरल्यास माल मागवून देईन या अटीवर. किट कोणत्या बनावटीचे असेल, असे विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. दुसऱ्या दुकानात तर ती कंपनीच बंद झाली आहे, ट्रॅक्टर भंगारात घाला, असा सल्ला विनामूल्य मिळाला.

मला तो भंगारात घालायचा नाही आणि त्यामागे केवळ वडिलांची आठवण हे कारण नाही. नांगरटीसाठी आम्ही मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलावतो. परंतु द्राक्षबागेतील फवारणी, सोयाबीनची कोळपणी आणि बाजाराला जाणारी छोटी ट्रॉली या कामांना हलका, कमी डिझेल पिणारा हाच ट्रॅक्टर सोयीचा पडतो. इंजिनाखेरीज पुढच्या चाकांच्या किंगपिनमध्ये (चाक ज्या उभ्या पिनवर वळते तिच्यात) बराच खेळ आला आहे आणि लिफ्ट भार घेऊन अगदी सावकाश उठते. यांपैकी कोणते भाग नवेच घ्यावेत, कोणते स्थानिक कारागिरांकडून करून घ्यावेत आणि बाहेरगावाहून माल मागवताना फसवणूक कशी टाळावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : जुना फिटर (सांगली)

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून प्रथम एवढेच सांगतो की, ऑइलमध्ये पाणी नेमके कोठून आले हे कळेपर्यंत आपण एक रुपयाचाही माल घेऊ नये, कारण मिस्त्रींच्या यादीतील निम्मे भाग कदाचित लागणारही नाहीत.

या इंजिनाचे लायनर ओले आहेत. म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट रेडिएटरचे पाणी खेळते आणि ते खाली ऑइल चेंबरमध्ये उतरू नये म्हणून लायनरच्या बुडाशी रबरी रिंगा बसवलेल्या असतात. आपल्याकडे बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय असल्यामुळे त्या रिंगांभोवती क्षाराचा थर धरतो, रबर वाळलेल्या शेंगेसारखे कडक होते आणि पाणी वाट काढते. हेड उतरलेलेच आहे, तेव्हा ऑइल चेंबरही उतरवावे, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटा लाकडी गुट्ट्यांनी बंद कराव्यात आणि ब्लॉकच्या वरच्या तोंडावरील पाण्याच्या छिद्रांतून ब्लॉक काठोकाठ भरावा. खाली जमिनीवर कोरडा पुठ्ठा अंथरून रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी पुठ्ठ्यावरचा ओला डाग आणि बॅटरीच्या उजेडात लायनरच्या बुडाशी लटकलेला थेंब कोणता सिलिंडर गळतो ते सांगतील. पुठ्ठा कोरडाच राहिला, तर दोष हेड गॅस्केटमध्ये किंवा हेडच्या चिरेत आहे असे समजून हेड तपासायला न्यावे.

गळती बुडाशी असल्यास लायनर ओढून काढावा आणि बाहेरची बाजू तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावी. सुईने टोचल्यासारखे खड्डे एका पट्टीत दिसले, तर तो लायनर गेला, मग आतून तो कितीही गुळगुळीत असो. खड्डे नसतील, तर आतील झीज मोजावी. त्यासाठी नवी वरची रिंग लायनरमध्ये, जेथे रिंगेचा घास सर्वाधिक लागतो त्या वरच्या भागात सरळ बसवून तिच्या दोन टोकांतील फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) पाहावी. 95 मिमी व्यासाला नव्या लायनरमध्ये ही फट साधारण 0.35 ते 0.5 मिमी असते. ती एक मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर लायनर बदलण्यात शहाणपण आहे आणि त्याच्या आत असेल तर रबरी रिंगा, नव्या पिस्टन रिंगा आणि हेड गॅस्केट एवढ्यावर पुष्कळ वर्षे निघतात. रबरी रिंगा मात्र ज्या दुकानात उन्हात टांगलेल्या असतील तेथून घेऊ नयेत. त्या बसवताना साबणाचे पाणी लावावे, ग्रीस लावू नये.

नवा लायनर बसवल्यावर त्याची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर राहिली आहे ना, हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहण्यास मिस्त्रींना सांगावे. कॉलर खाली बसली तर गॅस्केटवर दाब येत नाही आणि हजार रुपयांचे काम पंधरा दिवसांत पुन्हा उघडावे लागते. अशा वेळी कॉलरखाली तांब्याची पातळ चकती घालून उंची जमवतात.

आता कंपनीच बंद झाली, या बोलण्याविषयी. एच.एम.टी.ने हरियाणातील पिंजोर येथे 1971 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या मोटोकोव्हशी करार करून ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि 2511 हे मूळचे तिकडच्या झेटॉर या ट्रॅक्टर कंपनीचे डिझाइन आहे. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला, हे खरे आहे. तथापि त्यामुळे भाग संपले असे होत नाही. झेटॉरने ती मालिका रचतानाच दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या इंजिनांना एकच सिलिंडर वापरला होता : 95 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 110 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). आपल्या दोन सिलिंडरचे 1560 घनसेंमी त्यातूनच येतात. म्हणून दुकानात केवळ "2511 चे किट" असे न मागता "झेटॉरचे 95 बोअरचे लायनर-पिस्टन" असे मागावे; त्याच मालिकेतील मोठ्या ट्रॅक्टरांसाठी ठेवलेला माल दुकानदाराच्या माळ्यावर पडून असतो आणि तो आपल्याला चालू शकतो. चालतो की नाही हे नावावरून ठरवू नये. जुना पिस्टन सोबत न्यावा आणि पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्यावरील खळगीचा आकार व रिंगांच्या खाचांची रुंदी व्हर्नियरने जुळवूनच पैसे द्यावेत.

क्रँकच्या बेअरिंगांबाबत एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर माप ठोकलेले असते. तेथे एस.टी.डी. असेल तर क्रँक अजून मूळ मापाची आहे. 010 किंवा 020 असेल तर ती पूर्वी अनुक्रमे दहा किंवा वीस हजारांश इंचाने ग्राइंड झालेली (घासून बारीक केलेली) आहे. ही खूण पाहिल्याशिवाय बेअरिंग मागवू नये.

उत्तर : सुटे भाग (छत्रपती संभाजीनगर)

फिटरसाहेबांनी इंजिनाचे सांगितले आहेच. मी खरेदीपुरते लिहितो, कारण माझे निम्मे आयुष्य काउंटरच्या पलीकडे गेले आहे.

ट्रॅक्टरचे नाव सांगितले की दुकानदार किंमत सांगतो आणि माप सांगितले की माल सांगतो, हा फरक आपण ध्यानात ठेवावा. गिअरबॉक्स, डायनामो, पाण्याचा पंप, पुढची चाके या सगळ्यांत जी बॉल बेअरिंगे असतात ती कोणत्याही ट्रॅक्टरची नसतात, ती जगभर एकाच मापाने चालतात. जुने बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन त्याच्या कडेवरचा आकडा वाचावा. 6206 असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणावे, म्हणजे आतील व्यास 30 मिमी; त्याचा बाहेरचा व्यास 62 आणि जाडी 16 मिमी असते. हा आकडा सांगून नावाजलेल्या बनावटीचे बेअरिंग कोणत्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाशेजारी मिळते आणि ट्रॅक्टरच्या दुकानात त्याच बेअरिंगला "एच.एम.टी.चा खास भाग" म्हणून द्यावी लागणारी जास्तीची रक्कम वाचते. ऑइल सीलचेही तसेच आहे : आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी हे तीन आकडे सीलच्या तोंडावरच उमटवलेले असतात. ते झिजून गेले असतील तर शाफ्ट, घर आणि खोली मोजून घ्यावी.

डिझेल पंपाच्या अंगावर रिव्हेटने ठोकलेली धातूची पट्टी असते. तिच्यावरील क्रमांकाचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे, कारण आतील एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह त्या क्रमांकावरून मिळतात. जुन्या पंपांवर मायको असे नाव दिसते. तीच कंपनी 2008 पासून बॉश या नावाने चालते, त्यामुळे मायकोचा माल बंद झाला असे कोणी सांगितले तर घाबरू नये. पंप आणि नोझल यांत स्वस्ताई करू नये, हे मी स्वतः स्वस्त माल विकलेला माणूस म्हणून सांगतो. हलके नोझल डिझेलची फवार न करता धार मारते, ती धार पिस्टनच्या माथ्यावर जळते आणि नव्या किटचे पैसे एका हंगामात पाण्यात जातात.

बाहेरगावाहून मागवायचे झाल्यास जुन्या ट्रॅक्टरांच्या भागांचा मोठा ठोक बाजार दिल्लीच्या मोरी गेट आणि काश्मिरी गेट परिसरात आहे. लुधियानाकडे ट्रॅक्टरचे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत आणि लायनर, पिस्टन, व्हॉल्व्ह यांसारख्या इंजिनाच्या मालासाठी राजकोटचे नाव घेतले जाते. एच.एम.टी. पंजाब आणि हरियाणात भरपूर विकला गेला असल्याने आपल्याकडे ज्याला "दुर्मीळ" म्हणतात तो भाग तिकडे रोजच्या विक्रीचा असतो. दुकानदाराला जुन्या भागाचे छायाचित्र पाठवताना शेजारी पट्टी ठेवावी आणि भागावरील ओतीव क्रमांक खडूने उठावदार करून घ्यावा. माल पाठवण्यापूर्वी त्याच भागाचे, त्याच पट्टीसह छायाचित्र परत मागवावे. पहिल्या व्यवहारात लहान भाग मागवून माणूस पारखावा. वजनदार माल कुरिअरऐवजी ट्रान्सपोर्टने बिल्टीवर मागवल्यास भाडे पुष्कळ कमी पडते. फक्त लायनर लाकडी पेटीत भरून पाठवा, असे लेखी कळवावे, कारण बिडाचा लायनर एकदा आपटला की कॉलरला केसासारखी चीर जाते आणि ती बसवल्यावरच कळते.

पक्के बिल मागावे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि ट्रॅक्टरच्या बऱ्याच भागांवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल घेतले तर महाग पडेल ही जुनी सबब त्या भागांपुरती तरी आता लंगडी झाली आहे.

उत्तर : पाच एकर (नेवासा)

माझे मत थोडे वेगळे आहे. अशा ट्रॅक्टरचा मालक जिवंत राहतो तो दुसऱ्या मेलेल्या ट्रॅक्टरच्या जोरावर. आमच्या शेजारच्या गावात त्याच मॉडेलचा सांगाडा सहा वर्षे लिंबाखाली उभा होता, तो मी भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन आणला. त्यातून मला गिअर, लिफ्टचे हात, स्टार्टर आणि मागचे डिस्क मिळाले. मात्र मालकाच्या सहीची पावती, नोंदणी पुस्तकाची प्रत आणि इंजिन व चासी क्रमांकांची खातरजमा या गोष्टी झाल्याशिवाय सांगाडा अंगणात आणू नये, नाही तर चोरीच्या मालाचे झंझट आपल्या गळ्यात येते.

उत्तर : उद्यमनगर (कोल्हापूर)

किंगपिनचा प्रश्न राहूनच गेला म्हणून लिहितो. आमचे लेथचे काम आहे आणि जुन्या ट्रॅक्टरांचे निम्मे काम याच पिना-बुशांचे असते.

किंगपिनचा खेळ बहुधा बुशात (पिनभोवतीच्या धातूच्या नळीत) असतो. चाक जॅकवर उचलून वरून-खालून हलवावे आणि दुसऱ्याने बोट बुशाच्या कडेवर ठेवावे. खटका बोटाला लागला तर बुश गेला, पिनवर नखाने पायरी जाणवली तर पिनही गेली. बुश गनमेटलचा करून घ्यावा. तो एक्सलच्या घरात दाबून बसवल्यावर किंचित आवळतो, म्हणून आतील भोक बसवल्यानंतर रीमरने पिनच्या मापाला आणावे लागते. जो कारागीर आधीच अचूक माप काढून बुश हातात देतो त्याच्याकडून तो घेऊ नये. ग्रीसची खाच आणि निपलसमोरचे भोक यांची आठवण करून द्यावी, कारण घाईत ते राहते आणि मग ग्रीसगन कितीही मारली तरी आत काही जात नाही. पिन ई.एन. 8 पोलादाची करून वरून इंडक्शन हार्डनिंग करून घेतल्यास उत्तम चालते. नुसत्या माइल्ड स्टीलच्या सळईची पिन स्वस्त मिळते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंडाकृती होते.

करून घेता येणाऱ्या इतर गोष्टी म्हणजे लिफ्टच्या हातांच्या पिना, ब्रेकच्या शाफ्टचे बुश, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, रॉकरचे बुश. क्लच प्लेटला नवे अस्तर रिव्हेटने मारून मिळते, तिच्या मधल्या स्प्लाइन झिजलेल्या नसतील तर नवी प्लेट कशाला घ्यायची? गिअर मात्र आमच्यासारख्या लहान शॉपमध्ये करून घेऊ नये. दात कापून देणारे पुष्कळ भेटतील. परंतु गिअरचे पोलाद वेगळे असते, दात कापल्यावर त्याला केस हार्डनिंग लागते, त्यात तो वाकतो आणि मग पुन्हा ग्राइंड करावा लागतो. एका गिअरसाठी ही सगळी साखळी कोणी मनापासून करत नाही. त्यापेक्षा वर सांगितलेल्या सांगाड्यातला कंपनीचा जुना गिअर, दातांवर खपल्या उडालेल्या नसतील तर, केव्हाही बरा.

लिफ्टचा पंप उघडण्यापूर्वी सक्शनची जाळी धुऊन पाहावी. आमच्याकडे "पंप बदला" म्हणून आलेल्या कित्येक ट्रॅक्टरांत जाळीवर चिखल आणि कापसाचे धागे यांचा लगदा बसलेला असतो. जाळी स्वच्छ असूनही लिफ्ट सुस्तच राहिली, तर लिफ्टच्या सिलिंडरमधील पिस्टनचा सील पाहावा, पंप सर्वांत शेवटी.

प्रश्नकर्त्याचे निवेदन : काळी जमीन (बार्शी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फिटरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे ब्लॉक पाण्याने भरून रात्रभर ठेवला. सकाळी पुठ्ठ्यावर दुसऱ्या सिलिंडरच्या खाली तळहाताएवढा ओला डाग होता. पहिल्याखाली पुठ्ठा कोरडा होता. दोन्ही लायनर काढले. दुसऱ्याच्या बाहेरच्या अंगाला खड्ड्यांची पट्टी आहे आणि त्यातील एका खड्ड्यात टाचणीचे टोक जाऊन अडकते. पहिला बाहेरून स्वच्छ आहे, पण रिंगेची फट 0.9 मिमी आली.

फट एक मिलिमीटरच्या इतकी जवळ असल्यामुळे दोन्ही लायनर नवे घालायचे असे ठरवले. "झेटॉर 95 बोअर" असे विचारल्यावर सोलापुरातील एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून दोन लायनर आणि दोन पिस्टनांचा संच निघाला. खोक्यावर तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचे नाव होते आणि तिसरा नग पूर्वीच विकला गेला असल्याने दुकानदार तो काढूनच टाकणार होते. पिन, उंची आणि खाचा व्हर्नियरने जुळल्या. 7,800 रुपयांत व्यवहार झाला, पक्क्या बिलासह. व्हॉल्व्ह घासून बसवले, नवे घ्यावे लागले नाहीत. लिफ्टच्या जाळीत खरोखरच लगदा निघाला.

आता एकच अडचण उरली आहे. क्रँकच्या जुन्या बेअरिंगांच्या पाठीवर 020 अशी खूण आहे आणि एका जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) नखाला लागेल अशी चर आहे. मिस्त्री उद्याच क्रँक ग्राइंडिंगला नेऊ या म्हणतात. नेऊ का?

उत्तर : जुना फिटर (सांगली)

उद्या नेऊ नये. वीसच्या पुढचे माप तीसचे आणि या इंजिनाची तीसची बेअरिंगे एस.टी.डी. किंवा दहाच्या मानाने दुकानात फार कमी ठेवली जातात. आधी तीसचा पूर्ण संच, मेन आणि कनेक्टिंग रॉड दोन्हींचा, प्रत्यक्ष हातात येऊ द्यावा. सोलापुरात नसेल तर वर दिलेल्या बाजारांत छायाचित्र पाठवून विचारावे. संच आला की तो क्रँकसोबतच ग्राइंडिंगवाल्याकडे द्यावा आणि बेअरिंग घरात आवळून, आतील व्यास मोजून, त्यावरून जर्नलचे माप ठरवा असे सांगावे. कोपऱ्यातील गोलाई पूर्वीइतकीच ठेवण्यासही बजावावे, कारण ती तीक्ष्ण कापली की क्रँक तेथूनच तुटते. संच येईपर्यंत जर्नलना ग्रीस चोपडून, कापडात गुंडाळून, क्रँक भिंतीला टेकवून न ठेवता उभी टांगून ठेवावी.